टिचबटणाचा पट्टा आणि दुसरीतली बोटं



आजचा पाठ पुस्तकातला नाही. तो आमच्या वर्गाच्या दारात, चपलांच्या रांगेत सापडला. आणि सापडला तो माझ्या चुकीमुळे, म्हणून आधी ती चूक सांगते.

माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगी आहे. गणपतीत तिला नवीन सँडल घेतले होते. गुलाबी, वर चकचकीत बक्कल, पायाच्या वरून जाणारा पट्टा. पण ही पोरगी रोज पट्टा उघडाच ठेवून फिरायची. पट्टा जमिनीवर फरफटत, सँडल फटक-फटक वाजत. एकदा पायरीवर पट्ट्यात पाय अडकून पडली, गुडघा फुटला. मी औषध लावलं आणि वर बोललेही, "एवढी मोठी झालीस, अजून पट्टा लावायचा कंटाळा?" ती काहीच बोलली नाही. मुलं अशा वेळी बोलत नाहीत, आणि आपण त्याचा अर्थ 'चूक कबूल' असा घेतो.

दोन दिवसांनी मीच खाली बसून तिचा पट्टा लावून दिला. बक्कल नुसतं शोभेचं होतं. खाली होतं टिचबटण. मी अंगठ्याने दाबलं तर लागेना. जोर लावला, 'टच्' आवाज आला आणि पोरीने पाय मागे ओढला. "बाई, हाड दुखतं."

मी मोठी बाई, माझा अंगठा लाल झाला. तिची बोटं केवढीशी! कंटाळा कसला, तिला ते जमतच नव्हतं. आणि जमलं असतं तरी बटण बरोबर पायाच्या वरच्या हाडावर येत होतं, दाबलं की टोचायचं. हे ती कुणाला सांगणार?

त्या दिवशी घरी गेल्यावर मुलाचा एक जुना तुटका सँडल काढला, त्याचं टिचबटण पकडीने उचकटलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात घेऊन गेले. दोन तासिका त्यातच गेल्या. नियोजन वहीत दुसराच घटक होता, तो राहिला.

आधी बटण आतून बघू. टिचबटण म्हणजे एक वस्तू असं आपल्याला वाटतं, पण त्याचे चार तुकडे असतात. पट्ट्याच्या वर दिसते ती टोपी. पट्ट्याच्या आतल्या बाजूला वाटी. टोपीचा दांडा पट्ट्यातून आरपार येऊन वाटीत ठोकून बसवलेला असतो, म्हणजे हे दोन तुकडे मिळून पट्ट्याला चावतात. तसंच समोरच्या बाजूला एक बोंड आणि बोंडाच्या मागून त्याला धरून ठेवणारी चकती. मुलांनी लगेच नावं दिली, टोपी-वाटी आणि बोंड-चकती. मीही तीच वापरते.

खरी गंमत वाटीत आहे. नीट बघितलं तर आत दोन बारीक तारा समोरासमोर दिसतात. काही बटणांत दोन तारांऐवजी एक कापलेली गोल कडी असते. आता बोंड बघा. माथा जरा रुंद, त्याखाली मान बारीक. दाबलं की रुंद माथा तारांना बाजूला सारतो, माथा पुढे गेला की तारा परत जवळ येतात आणि मानेला धरतात. तो 'टच्' आवाज तारा जागेवर परत आल्याचा. एका मुलाने विचारलं, "बाई, म्हणजे दार ढकलून आत गेलं की दार आपोआप लागतं तसं?" यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

आता प्रश्न असा, की एवढंसं बटण चालता-पळताना उघडत नाही, पण एका बोटाने कड उचलली की पटकन उघडतं. हे कसं? यासाठी आम्ही एक प्रयोग केला. तुम्ही जरूर करून बघा, सुतळी आणि पाण्याच्या एक लिटरच्या बाटल्या सोडल्या तर काही लागत नाही. पाण्याची भरलेली एक लिटरची बाटली साधारण एक किलोची धरायची.

जुन्या सँडलचा बटण असलेला तुकडा खिडकीच्या गजाला असा बांधला की पट्टा सरळ खाली लोंबेल आणि ओढ पट्ट्याच्या लांबीतूनच बसेल. पट्ट्याच्या टोकाला पिशवी. एक बाटली, दोन, तीन. बटण ढिम्म. चौथी टाकली तेव्हा पट्ट्याची शिलाई करकरली, म्हणून मीच थांबवलं. मग तोच तुकडा एका आडव्या काठीला पालथा बांधला. आता पट्टा बटणापासून सोलल्यासारखा खाली ओढला जाणार. पिशवीत एकच बाटली, तीही पूर्ण भरलेली नव्हती. टच्! पिशवी खाली. वर्गात केवढा आरडाओरडा, शेजारच्या वर्गातले सर बघायला आले.

कारण सोपं आहे. पट्टा लांबीतून ओढला जातो तेव्हा बोंडाची भिंत वाटीच्या भिंतीला टेकते. धातू धातूवर अडतो, तारांना काही करावंच लागत नाही. पण पट्टा वर उचलला की सगळा भार तारांवर, आणि तोही एका कडेपासून सुरू होतो, त्यामुळे तारा फाकून माथा सुटतो. म्हणजे टिचबटण एका दिशेने पैलवान आणि दुसऱ्या दिशेने लेचंपेचं. ते तसंच हवं असतं. दोन्ही दिशांनी घट्ट असतं तर ते उघडलंच नसतं. (पिशव्यांवर आणि ताडपत्रीवर काही बटणं अशीही मिळतात की तीन बाजूंनी ओढा, हलत नाहीत, ठरावीक एकाच बाजूने उचललं तरच उघडतात. पादत्राणाला एवढं लागत नाही.)

हे कळलं की त्या गुलाबी सँडलचं चुकलं कुठे ते दिसतं. बटण पायाच्या वरच्या फुगवट्यावर होतं. तिथे पट्टा वळतो. मूल उकिडवं बसलं, पळालं, पाय वाकला की पट्टा ताणतो आणि त्या वळणावर बटण वरच्या बाजूला उचललं जातं. म्हणजे नेमकी लेचीपेची दिशा. मग बटण सुटू नये म्हणून बनवणाऱ्याने काय केलं, तर कडक तारांचं बटण बसवलं. मोठ्या माणसालाही जोर लावावा लागेल असं. जागा चुकली, ती भरून काढली ताकदीने, आणि ती ताकद मागितली सात वर्षांच्या बोटांकडे.

तेच बटण पायाच्या बाहेरच्या बाजूला, घोट्याच्या पुढे आणि खाली घेतलं तर पट्टा तिथे सपाट असतो, ओढ लांबीतून बसते. मग मऊ तारांचं बटणही पुरतं. आणि दाबताना हाडावर दाब येऊ नये म्हणून पट्ट्याच्या टोकाला बोटभर मोकळा भाग आणि खालच्या चामड्याची जराशी सुटी जीभ हवी, म्हणजे मूल अंगठा आणि बोट अशा चिमटीत धरून दोन्ही बाजूंनी दाबू शकतं. बसस्टँडजवळ चपला दुरुस्त करणारे काका आहेत, त्यांना मी हे विचारायला गेले तर त्यांनी अर्ध्या वाक्यातच सांगितलं, "बाई, टिचबटण पायाच्या डोक्यावर कशाला? ते कडेला लावायचं." आम्हाला दोन तासिका लागल्या होत्या!

थोडा इतिहास, कारण मुलांना तो फार आवडला. टिचबटणाचं पेटंट जर्मनीत फोर्त्झहाइम गावच्या हेरिबर्ट बाउअर यांनी १८८५ साली घेतलं, आणि ते होतं पुरुषांच्या पँटसाठी. पुढे १९०३ साली जर्मनीतल्याच हान्स प्रिम यांनी ते सुधारलं. इकडे अमेरिकेत व्हिटकॉम्ब जडसन यांना १८९३ साली आजच्या चेनच्या पूर्वजाचं पेटंट मिळालं, आणि ते होतं बुटांसाठी! त्या काळी तिकडे घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट घालत, त्यांना ओळीने बारीक बटणं असत आणि ती लावायला आकड्यासारखं वेगळं हत्यार लागे. म्हणजे पँटसाठी निघालेलं बटण आज लहान मुलांच्या सँडलवर आहे आणि बुटांसाठी निघालेली चेन पँटला गेली. वर्गातली मुलं यावर पाच मिनिटं हसत होती. आपल्या कोल्हापुरीला या कशाचीच गरज पडली नाही, अंगठा आणि वरचा पट्टा पाय धरून ठेवतात. पण कोल्हापुरी घालून लंगडी खेळून दाखवा.

आता आपल्या शाळांचा मुद्दा, आणि माझ्या मते इथेच बूट बनवणारे चुकतात. शहरातल्या इंग्रजी शाळेतलं मूल सकाळी बूट घालतं ते दुपारी घरी जाऊन काढतं. आमच्याकडे वर्गाच्या दारात चपला काढायच्या. परिपाठानंतर आत येताना, लघवीच्या सुट्टीत, पोषण आहाराच्या वेळी, खेळाच्या तासाला, घरी जाताना. आम्ही फळ्यावर गणित मांडलं. दिवसातून पाच वेळा, दोन पाय, आणि पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस शाळा. ५ × २ × २००. म्हणजे वर्षाला २००० वेळा बटण लागतं आणि २००० वेळा उघडतं. दुसरीच्या मुलांना हा गुणाकार जड गेला, पण चौथीच्या मुलांनी येऊन तो करून दाखवला. नाडीचे बूट असतील तर हेच २००० वेळा गाठ मारणं आलं, आणि त्यातल्या निम्म्या गाठी बाई मारतात!

मग वेल्क्रो का नको? वेल्क्रोही टिचबटणासारखंच वागतं, लांबीतून घट्ट आणि सोललं की सुटतं. वर पट्टा हवा तसा सैल-घट्ट करता येतो. टिचबटणाचं बोंड एकाच जागी, त्यामुळे पाय जरा भरला की पट्टा आवळतो. म्हणून घेताना पट्ट्यावर दोन-तीन बोंडं आहेत का ते बघा. पण आमच्याकडे कोकणात पावसाळ्यात लाल चिखल वेल्क्रोच्या आकड्यांत बसला की श्रावण येईपर्यंत पट्टी नुसती लोंबते. टिचबटणाच्या वाटीतही माती जाते, तारा फाकत नाहीत, बटण लागत नाही. पण ते साफ होतं. जुना टूथब्रश, पाणी, वाळवणं, आणि बोंडाच्या माथ्यावर मेणबत्ती जराशी घासायची. आमच्या वर्गात आता एक टूथब्रश आणि मेणबत्तीचा तुकडा दारातच ठेवलेला असतो. बटण सैल झालं असेल तर बोंडाच्या माथ्यावर हातोडीचा अगदी हलका ठोका द्या, माथा किंचित पसरतो. जोरात मारलात तर वाटीत शिरणारच नाही, हे मी अनुभवाने सांगते.

पालकांसाठी दोन गोष्टी. बटणाची मागची चकती थेट कातडीला लागत असेल आणि तिथे खाज, पुरळ दिसत असेल तर घामाला किंवा मुलाला दोष देऊ नका. बऱ्याच बटणांवर निकेलचा मुलामा असतो आणि काहींच्या त्वचेला निकेल चालत नाही. युरोपात तर कातडीला सतत लागणाऱ्या वस्तूंतून निकेल किती सुटावं यावर कायद्याने मर्यादा आहे, दर चौरस सेंटीमीटरला आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅम. आपण एवढं करू शकतो, की चकतीवर आतून अस्तर आहे ना ते बोट घालून बघायचं. दुसरं, घरात रांगणारं बाळ असेल तर निखळायला आलेलं बटण आजच काढून टाका. ते तोंडात जायला वेळ लागत नाही.

आणि दुकानात बटण तुम्ही लावून बघू नका. मुलाला लावू द्या, बसून, स्वतःच्या पायावर, तीन वेळा. दुकानदार म्हणेल, "वापरून सैल होईल हो." सैल होईल तेव्हा होईल, तोवर मूल पट्टा फरफटत फिरणार.

मोफत गणवेश योजनेत २०२३ साली बूट-मोजेही आले आणि खरेदी शाळा व्यवस्थापन समितीकडे आली. आमच्या पुढच्या बैठकीत नमुने आले की पहिली-दुसरीची चार मुलं बैठकीला बोलवायची, असं मी मुख्याध्यापकांना सांगून ठेवलंय. ते म्हणाले, "मुलं काय सांगणार?" मी म्हटलं, सांगायचं काही नाही सर, फक्त घालून दाखवायचं.

त्या गुलाबी सँडलचं बटण काकांनी काढलं, पट्टा थोडा लांबवला आणि बाहेरच्या बाजूला मऊ तारांचं नवं बटण ठोकून दिलं. दोन्ही सँडलचे मिळून चाळीस रुपये. मी तिच्या आजीला सगळं सांगितलं, पडल्यावर मी बोलले होते तेही. आजी म्हणाली, "अहो बाई, मी पण रोज ओरडत होते."

आता त्या मुलीची वेगळीच तक्रार आहे, म्हणजे माझी तिच्याबद्दल. परिपाठ चालू असताना खाली वाकून बटण उघडते, लावते, उघडते, लावते. टच्-टच्, टच्-टच्. काल तिच्या शेजारचीही सुरू झाली.