डोंगरातले तळे : नैनीताल

कळसूबाईचे शिखर तुम्ही पाहिले असेल. पाहिले नसले, तरी नाव ऐकले असेल. आपल्या महाराष्ट्रात त्याहून उंच जागा नाही. समुद्रापासून त्याची उंची १,६४६ मीटर. म्हणजे सुमारे ५,४०० फूट. आता असे समजा, की तुम्ही कळसूबाईच्या माथ्यावर उभे आहात. तिथून आणखी जवळजवळ तीनशे मीटर उंचीवर एक तळे भरलेले आहे. तळ्यात होड्या चालल्या आहेत. काठाला बाजार आहे, देऊळ आहे, शाळा आहेत. हजारो माणसे त्याच तळ्याचे पाणी पितात.

असे तळे खरोखरच आहे. ते नैनीतालला आहे.

नैनीताल हे गाव उत्तराखंड राज्यात आहे. हिमालयाच्या पायऱ्या चढू लागलो, की कुमाऊं नावाचा मुलूख लागतो. त्या मुलखात सात डोंगरांच्या मध्ये हे तळे बसले आहे. पाणी समुद्रापासून सुमारे १,९३८ मीटर उंचीवर. ताल म्हणजे तळे. गाण्यातला ताल नव्हे बरं का!

जायचे कसे? आधी आगगाडीने दिल्ली गाठायची. दिल्लीहून दुसरी गाडी काठगोदामला जाते. काठ म्हणजे लाकूड आणि गोदाम म्हणजे वखार. डोंगरातली लाकडे पूर्वी इथे आणून साठवीत, म्हणून हे नाव. इथे रूळ संपतात, कारण पुढे डोंगर उभा राहतो. रूळ १८८४ साली इथवर आले आणि इथेच थांबले. पुढचे ३५ किलोमीटर मोटारीने. रस्ता सारखा वळतो. पोटात ढवळते. म्हणून बसमध्ये चढण्याआधी भरपेट जेवू नये. लिंबू जवळ ठेवावे. गाडी वर जाऊ लागली की हवा गार होत जाते, आणि झाडेही बदलतात. खालची सागाची नि सालाची झाडे मागे पडतात. चीड आणि बांज ही झाडे दिसू लागतात.

आणि एका वळणावर तळे दिसते.

एवढे मोठे पाणी डोंगराच्या पोटात कसे राहिले, असा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात येतोच. पाण्याचा रंग हिरवा. चारी बाजूंचे डोंगर त्यात उलटे दिसतात. तळ्याची लांबी दीड किलोमीटरच्या आत आहे. खोली मात्र बरीच आहे. सर्वांत खोल जागी ती सुमारे २७ मीटर भरते. तळ्याच्या वरच्या टोकाला मल्लीताल म्हणतात, खालच्या टोकाला तल्लीताल. मल्ला म्हणजे वरचा, तल्ला म्हणजे खालचा. आपल्या गावात वरची आळी, खालची आळी असते ना? तसेच हे.

मल्लीतालला काठावरच नैनादेवीचे देऊळ आहे. सतीचा डोळा इथे पडला, अशी लोकांची श्रद्धा. नयन म्हणजे डोळा, त्यावरून नैनादेवी, आणि देवीवरून नैनीताल. आणखी एक कथा सांगतात. अत्री, पुलस्त्य आणि पुलह हे तीन ऋषी इथे आले. त्यांना तहान लागली. पाणी कुठेच नव्हते. मग त्यांनी खड्डा खणला आणि मानससरोवराचे पाणी त्यात आणले. म्हणून ह्या तळ्याला त्रिऋषी सरोवर असेही नाव आहे. कथा लहान आहे, पण तिच्यातला प्रश्न मोठा आहे. पाणी आले कुठून?

ह्या तळ्याला बर्फाची नदी मिळत नाही. पाणी येते ते पावसाचे आणि झऱ्यांचे. आता झऱ्यांना पाणी कुठून मिळते ते पाहू. तळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात, एक बशीसारखी खोलगट जागा आहे. तिचे नाव सुखाताल, म्हणजे सुके तळे. पावसाळ्यात तिथे पाणी साचते आणि नंतर ते नाहीसे होते. नवखा माणूस म्हणेल, ही जागा काय कामाची? पण आपल्याकडचा शेतकरी तसे म्हणणार नाही. पाझर तलाव त्याच्या ओळखीचा आहे. पाझर तलाव मार्चमध्ये कोरडा दिसतो, पण खालच्या विहिरींना पाणी असते. सुखाताल हा नैनीतालचा पाझर तलावच आहे. तिथे मुरलेले पाणी डोंगराच्या पोटातून हळूहळू खाली येते आणि झऱ्यांच्या वाटेने मोठ्या तळ्याला मिळते.

हे न कळल्यामुळे तिथे काय झाले पहा. सुके तळे म्हणजे मोकळी जमीन, असे लोकांनी मानले. तिथे घरे उठली. बांधकामाचा राडारोडा पडला. पाणी मुरायची जागा कमी झाली. २०१७ च्या उन्हाळ्यात मोठे तळे इतके आटले, की काठाने मातीचे पट्टे उघडे पडले. गावाचे पिण्याचे पाणी मोजून द्यावे लागले. त्यानंतर सुखातालाकडे सगळ्यांचे लक्ष गेले. तिथल्या बांधकामाचा वाद २०२२ साली उच्च न्यायालयापुढे आला. उत्तराखंडचे उच्च न्यायालय नैनीतालातच आहे.

पाणी कमी पडले तर असे. जास्त पडले तर काय होते, तेही ह्या गावाने पाहिले आहे.

१८८० साल. सप्टेंबर महिना. गुरुवारी पाऊस सुरू झाला तो थांबेचना. रविवार संध्याकाळपर्यंत सुमारे ३३ इंच पाऊस पडला. आपल्याकडे कित्येक तालुक्यांत सगळ्या वर्षाचा मिळून एवढा पाऊस होत नाही. तळ्याच्या उत्तरेला शेर का डांडा नावाचा डोंगर आहे. त्याची माती भिजून जड झाली. शनिवारी, १८ तारखेला सकाळी, एका हॉटेलाच्या मागची दरड सुटली. काही माणसे गाडली गेली. त्यांना काढायला लोक धावले. अधिकारी आले, शिपाई आले, मजूर आले. पावसात उभे राहून खणू लागले. दुपारी दीडच्या सुमाराला वरचा डोंगर पुन्हा सुटला. ह्या वेळची दरड फार मोठी होती. काही क्षणांत हॉटेल गेले, देऊळ गेले, आणि मदतीला आलेली माणसेही गेली. एकूण १५१ जण मेले. त्यांतले १०८ आपल्या देशातले होते, ४३ गोरे होते.

दरड म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. २०१४ साली पुणे जिल्ह्यातले माळीण गाव दरडीखाली गेले. २०२३ साली रायगड जिल्ह्यातली इरशाळवाडी गेली. दोन्ही वेळा पाऊस जोराचा होता, आणि डोंगर उताराचा होता.

आज मल्लीतालला मोठे सपाट मैदान आहे. तिथे पोरे खेळतात, प्रवासी भेळ खात फिरतात. काठाला थोडी सपाट जागा आधीपासून होती, पण मैदान एवढे वाढले ते त्या दरडीच्या मातीने. देऊळही नंतर नव्याने बांधले. तिथे गेलात तर मैदानात उभे राहून वर डोंगराकडे एकदा पहा.

त्या दरडीनंतर इंग्रज सरकारने एक काम चांगले केले. डोंगरावरून दगडी नाल्या बांधून काढल्या. पाऊस पडला की पाणी मातीत न शिरता नालीतून खाली यावे आणि तळ्यात जावे, अशी योजना. डोंगर वाचावा म्हणून हे केले. त्या नाल्या अजून आहेत. पण नालीला चांगले पाणी कोणते नि घाण कोणती, हे कळत नाही. वर जे टाकाल ते खाली तळ्यात. कागद, बाटल्या, शिळे अन्न, सांडपाणी, सगळे त्याच वाटेने जाऊ लागले. ही घाण तळाशी बसते आणि कुजते. कुजताना ती पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. मग मासे गुदमरतात. नैनीतालात तसेच झाले. शेवटी २००७ सालापासून तळ्याच्या तळाशी नळ्या घालून यंत्राने हवा सोडू लागले. दवाखान्यात आजारी माणसाला नळीने हवा देतात, तसाच हा प्रकार. पाणी त्यामुळे सुधारले. पण यंत्राला वीज लागते, पैसा लागतो, आणि ते कायम चालवावे लागते.

आता प्रवाशाबद्दल थोडे.

मे-जून महिन्यांत खालच्या मैदानी मुलखात उकाडा असह्य होतो. तेव्हा सगळे नैनीतालला धावतात. रस्त्यात मोटारींची रांग लागते. खोल्यांचे भाडे दुप्पट होते. आणि पाहा, तळ्यात पाणी सर्वांत कमी असते तेही ह्याच दिवसांत! गावाला पाण्याची ओढ आणि पाहुण्यांची गर्दी, दोन्ही एकाच वेळी. म्हणून आमच्या मते ऑक्टोबर-नोव्हेंबरात जावे. पाऊस संपलेला असतो. तळे भरलेले असते. आकाश स्वच्छ असते. सकाळी लवकर उठून नैना शिखराकडे चढलात, तर उत्तरेला बर्फाची लांब रांग दिसते. तिच्यात नंदादेवी आहे. तिची उंची ७,८१६ मीटर. थंडी मात्र कडक असते. कांबळे न्या, कानटोपी न्या.

ऐन पावसाळ्यात मात्र जाऊ नये. २०१८ च्या ऑगस्टात तळ्याकाठच्या रस्त्याचा एक तुकडा खचून पाण्यात गेला. २०२१ च्या ऑक्टोबरात, पाऊस संपला असे वाटत असतानाच, इतका पाऊस कोसळला की तळे रस्त्यावर आले. रस्ते तुटले आणि गावाचा बाहेरशी संबंध तुटला. म्हणून ऑक्टोबरातही निघण्यापूर्वी हवामानाची बातमी ऐकावी.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. त्याचा तिथे चांगला उपयोग होईल. नैनीतालच्या पाट्या हिंदीत असतात, पण अक्षरे आपलीच. ‘भूस्खलन क्षेत्र’ अशी पाटी दिसली, तर समजा की इथे दरड कोसळते. तिथे गाडी थांबवून फोटो काढत बसू नये. ‘कूड़ा न डालें’ म्हणजे केर टाकू नका. ‘किराया’ म्हणजे भाडे. होडीचे भाडे विचारण्याआधी घाटावर दरपत्रक कुठे लावले आहे ते शोधा, आणि स्वतः वाचा. मग घासाघीस करावी लागत नाही, आणि नावाड्याचेही हक्काचे पैसे बुडत नाहीत. ह्या तळ्यात होड्या वल्ह्यांनी चालवतात. पाय मारून चालवायच्याही आहेत, आणि शिडाच्याही. पाण्यात तेल सांडणारे इंजिन नाही. होडी मधोमध गेली की बाजाराचा गोंगाट ऐकू येईनासा होतो.

नैनीताल पाहून लगेच परतू नका. आसपास आणखी तळी आहेत. भीमताल सखल आहे आणि नैनीतालपेक्षा मोठा आहे. त्याच्या मध्ये बेट आहे. एका टोकाला इंग्रजांच्या वेळचा दगडी बांध आहे. नौकुचियातालला नऊ कोपरे. ते नऊही एकदम ज्याला दिसतील त्याला मोक्ष मिळतो, असे म्हणतात. पण मध्ये झाडी नि डोंगर आडवे येतात, तेव्हा काठावरून तरी कुणाचा नंबर लागेल असे वाटत नाही. सातताल हा झाडीत दडलेल्या तळ्यांचा समूह आहे. तिथे राम, सीता, लक्ष्मण यांच्या नावाची तळी आहेत. शेजारी गरुडताल आहे, नल-दमयंतीचेही एक तळे आहे. गर्दी नको असेल, पाखरे पाहायची असतील, तर साततालला जावे. आम्हाला विचाराल तर सर्वांत सुंदर तेच.

परतताना तल्लीतालच्या टोकाला थोडे थांबा. तिथे तळ्याला दारे आहेत. पावसाळ्यात तळे ठरलेल्या खुणेपर्यंत भरले, की ही दारे उघडतात. पाणी बलिया नाल्यात उतरते. नाल्याच्या दोन्ही बाजूंचा डोंगर कच्चा आहे. तो अजून खचतो आहे, आणि काठच्या काही कुटुंबांना घरे सोडून दुसरीकडे जावे लागले आहे. तिथून पाणी खाली उतरत गौला नदीला मिळते. गौला काठगोदामवरून जाते. तुमची गाडी काठगोदामला उभी असेल, तेव्हा जवळून वाहणाऱ्या नदीत थोडे पाणी त्या तळ्यातले असेल.