गुणसूत्रांची वाटणी चुकते तेव्हा

कला शाखेच्या विद्यार्थिनीने पेशीवर लेख का लिहावा, असा प्रश्न काहींना पडेल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच; त्यामुळे शेजारच्या बायका नाना शंका मलाच विचारतात. डाउन सिंड्रोम असलेले मूल जन्मले की ‘हिने ग्रहणात भाजी चिरली असेल’ असा ठपका आईवर येतो. त्यात तथ्य किती, हे शोधताना जे वाचले ते येथे मांडते.

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे, म्हणजे २३ जोड्या असतात. स्त्रीबीजात व शुक्रपेशीत मात्र प्रत्येक जोडीतले एकच गुणसूत्र जावे लागते. त्यासाठी पेशी दोनदा विभागते. यास अर्धसूत्री विभाजन म्हणतात. पेशीतील बारीक तंतू गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढतात. योग्य वेळ येईपर्यंत त्यांना एकत्र बांधून ठेवण्याचे काम ‘कोहेसिन’ हे प्रथिन करते.

कधी दोन्ही जोडीदार एकाच टोकाला जातात. दोन भावांच्या वाटणीत एकाला दोन्ही वावरे मिळावीत आणि दुसऱ्याच्या हाती काहीच लागू नये, तसा हा प्रकार. याला अवियोजन म्हणतात. २४ गुणसूत्रांचे बीज फलित झाले की गर्भात ४७ गुणसूत्रे होतात. असे बहुतेक गर्भ टिकत नाहीत. एकविसावे गुणसूत्र जादा असलेले मूल मात्र जगू शकते. अशा मुलांचे वर्णन जॉन लँगडन डाउन यांनी १८६६ साली केले. परंतु खरे कारण लझन, गोतिए व तुर्पँ यांनी १९५९ साली दाखवून दिले.

ही चूक बहुधा स्त्रीबीजात होते, क्वचित शुक्रपेशीतही. याचे कारण विलक्षण आहे. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या बीजांचे विभाजन सुरू होते आणि मध्येच थांबते. बीज पक्व होताना, कधी वीस तर कधी चाळीस वर्षांनी, ते पुढे सरकते. तोवर कोहेसिनची पकड सैल होत जाते. म्हणून विसाव्या वर्षी सुमारे दीड हजार बाळांत एक, तर चाळिसाव्या वर्षी सुमारे शंभरांत एक असे प्रमाण आढळते. अर्थात तरुण मातांनाही अशी मुले होतात.

आता ग्रहणाचा विचार करू. वाटणी चुकते ती बहुतेक वेळा गर्भ राहण्याच्या आधीच. मग सातव्या महिन्यात विळी हाती घेतल्याने काय बिघडणार? शिवाय हा प्रकार सहसा आनुवंशिक नसतो. तरीही अशा मुलाच्या बहिणीचे लग्न अडते, ‘त्या घरची मुलगी नको’ म्हणतात. घराण्यात दोष आहे की नाही, हे मुलाच्या गुणसूत्रांच्या तपासणीवरून डॉक्टर सांगू शकतात. त्यासाठी पंचांगाची गरज नाही.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकींच्या घरी ही माहिती नेणारे दुसरे कोणी नाही. ती आपणच नेली पाहिजे.