विम्याचे छत्र केव्हा सुटते?

मुळशी तालुक्यातील माण हे गाव हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाला लागून आहे. अशा उद्योगक्षेत्रात सफाई, पहारा, उपाहारगृह आणि वाहतूक ही कामे बहुधा कंत्राटी कामगार करतात. कंत्राटदार बदलला किंवा पगार वाढला, तर उपचाराचा हक्क जाईल काय, ही त्यांची चिंता रास्त आहे. परंतु हा हक्क पुष्कळदा नियमाने जाण्यापूर्वीच अज्ञानामुळे गमावला जातो.

राज्य कामगार विमा योजनेचा पाया १९४८ च्या कायद्याने घातला गेला. तिची वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून दरमहा २१,००० रुपये करण्यात आली. १ जुलै २०१९ पासून वर्गणीचा दर कामगारासाठी वेतनाच्या ०.७५ टक्के व मालकासाठी ३.२५ टक्के ठरला. त्याच्या मोबदल्यात कुटुंबासह औषधोपचार मिळतो आणि आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या सुमारे ७० टक्के भत्ता मिळू शकतो. चिंचवडला मोहननगर येथे या योजनेचे रुग्णालय आहे.

येथे दोन कालखंड ध्यानात ठेवावेत. एप्रिल ते सप्टेंबर या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली असेल, तर पुढील जानेवारी ते जून हा लाभाचा काळ ठरतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर. समजा, एखाद्या कामगाराचे वेतन जूनमध्ये मर्यादेपलीकडे गेले. त्याचा विमा त्याच दिवशी संपत नाही. वर्गणी सप्टेंबरअखेरपर्यंत चालू राहते आणि तिच्या आधारे पुढील जूनपर्यंत उपचार मिळू शकतात. नोकरी सुटलेल्यालाही भरलेल्या वर्गणीचा असाच आधार असतो. किमान पाच वर्षे विमाधारक असलेल्या निवृत्त कामगारास वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी उपचाराची सोय ठेवता येते.

हे छत्र संपल्यावर दुसरा आधार आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची व्याप्ती २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत वाढविण्यात आली आणि संरक्षण दरवर्षी प्रतिकुटुंब ५ लाख रुपये झाले. मात्र ही योजना ठरावीक, मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. रोजची औषधे किंवा बुडालेली मजुरी तीतून भरून निघत नाही. म्हणूनच पहिला हक्क सहजी सोडून देणे परवडणारे नाही.

पंचायत सदस्य व शिक्षक यांना येथे मोठे कार्य करता येईल. ग्रामसभेत व पालकसभेत तीन गोष्टी सांगाव्यात. विमा क्रमांक आयुष्यभर एकच असतो. नव्या कंत्राटदाराला तोच द्यावा. पगारपत्रकातील कपात प्रत्यक्ष जमा झाली की नाही, हे वेळोवेळी पाहावे. शिधापत्रिका व आधारपत्रावरील नावे जुळवून ठेवावीत. रुग्ण दारात असताना कागद शोधण्याची वेळ कोणत्याही कुटुंबावर येऊ नये, ही काळजी गावाने आधीच घेतली पाहिजे.