नकोशा ई-टपालाचा बंदोबस्त

कार्यालयात येणाऱ्या टपालाची आवक नोंदवहीत नोंद घेणे, ते विषयवार लावणे आणि मुदतीत निकाली काढणे ही प्रशासनाची जुनी व उपयुक्त शिस्त आहे. आता या टपालाचा मोठा भाग ई-मेलने येतो. पंचायत समितीच्या बैठकीची सूचना, शाळेकडून मागविलेली पटसंख्येची माहिती, उपयोगिता प्रमाणपत्राविषयीचे स्मरणपत्र ही सारी पत्रे संगणकाच्या पडद्यावर उतरतात. त्यांच्याच जोडीने कर्ज, विमा, प्रशिक्षण वर्ग आणि कापडाच्या सवलती यांच्या जाहिरातीही येतात. पंचवीस जाहिरातींखाली एखादे स्मरणपत्र दबले की मुदत टळते, आणि त्याचा फटका अखेर गावाच्या कामाला किंवा विद्यार्थ्याला बसतो. यास्तव नकोशा ई-टपालाकडे कामकाजाच्या शिस्तीचा प्रश्न म्हणून पाहणे अगत्याचे आहे.

प्रारंभ व नाव

संगणकाच्या जाळ्यावरील पहिली मोठी अनाहूत जाहिरात ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत पाठविली गेली, असे मानले जाते. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीचे विक्री अधिकारी गॅरी थुर्क यांनी नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण ‘अर्पानेट’ या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना एकदम धाडले. हे जाळे शासकीय कामासाठीच असल्याने त्याच्या व्यवस्थापनाने हा नियमभंग ठरविला. तथापि या निमंत्रणामुळे संगणकांची विक्री झाली, असे थुर्क पुढे सांगत असत. घेणाऱ्याला त्रास आणि पाठविणाऱ्याला लाभ, हे या प्रश्नाचे स्वरूप पहिल्याच प्रसंगी स्पष्ट झाले होते.

अशा संदेशांना ‘स्पॅम’ म्हणतात. हे मूळचे १९३७ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या डबाबंद मांसाचे नाव. ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी मंडळीच्या १९७० सालच्या एका प्रहसनात उपाहारगृहातील जवळजवळ प्रत्येक पदार्थात हेच मांस असते आणि त्याच्या नावाच्या घोषात इतरांचे बोलणे बुडून जाते. उपयोगी संभाषण बुडविणाऱ्या संदेशांना त्यावरून हे नाव पडले.

खर्च कोण सोसतो

पोस्टाने जाहिरात पाठवावयाची तर कागद, छपाई व तिकीट यांचा खर्च पाठविणाऱ्यावर पडतो. त्यामुळे तो हात आखडून पत्रे पाठवितो. ई-मेलमध्ये हा लगाम नाही. एक पत्र पाठविण्यास जेवढा खर्च, त्याहून फार अधिक खर्च हजारो पत्रांना येत नाही. लाखातून चार ग्राहक मिळाले तरी पाठविणाऱ्याचे साधते. उरलेल्यांचा वेळ, लक्ष व खात्यातील जागा मात्र फुकट जाते. खात्याची साठवण भरून गेल्यास नवे पत्र स्वीकारलेच जात नाही, ही गोष्टही ध्यानात ठेवावी.

दोन प्रकार, दोन उपाय

बंदोबस्त करताना प्रथम पत्राचा प्रकार ओळखला पाहिजे, कारण एका प्रकाराला लागू पडणारा उपाय दुसऱ्या प्रकारात अपाय करतो.

पहिला प्रकार परिचित व्यापाऱ्याच्या जाहिरातींचा. कधीतरी वस्तू खरेदी करताना किंवा अर्ज भरताना आपण पत्ता दिलेला असतो व संमतीच्या चौकटीत खूण केलेली असते. अशा पत्राच्या तळाशी बहुधा ‘अनसबस्क्राइब’ हा पर्याय असतो. तो वापरून नाव कमी करून घ्यावे. रोज पत्र पुसून टाकल्याने दुसऱ्या दिवशीचे पत्र थांबत नाही.

दुसरा प्रकार अनोळखी पाठविणाऱ्याचा. येथे नाव कमी करण्याच्या दुव्यावर बोट ठेवू नये आणि रागाने उत्तरही लिहू नये. उत्तर गेले की हा पत्ता चालू आहे आणि कोणीतरी तो वाचते, हे पाठविणाऱ्याला कळते. कित्येकदा पत्रातील चित्र उघडल्यानेही ही खबर पोहोचते. म्हणून बाहेरील चित्रे विचारल्याशिवाय न दाखविण्याची सोय खात्यात असल्यास ती चालू करावी. पत्र न उघडता ‘स्पॅम’ म्हणून कळवावे, एवढेच पुरेसे असते.

याच प्रकाराचे घातक रूप म्हणजे बँकेचा किंवा शासकीय कार्यालयाचा वेष घेतलेले पत्र. खाते बंद होईल अशी भीती घालून ते पासवर्ड वा ओटीपी मागते. पाठविणाऱ्याचे दिसणारे नाव कोणालाही हवे ते लिहिता येते. पत्ताही बनावट असू शकतो. घाई करावयास लावणारे पत्र आल्यास आपल्या नोंदीतील दूरध्वनी क्रमांकावरून संबंधित कार्यालयाकडे खात्री करावी. पत्रातच दिलेला क्रमांक त्यासाठी वापरू नये.

चाळणी व तिच्या मर्यादा

ई-मेल सेवेत आलेल्या पत्रांची चाळणी आपोआप होत असते. २००२ साली संगणकतज्ज्ञ पॉल ग्रॅहम यांनी एक पद्धत मांडली. नको असलेल्या व हव्या असलेल्या पत्रांत कोणते शब्द किती वेळा येतात हे मोजून नव्या पत्राविषयी संभाव्यता काढावयाची, असे तिचे तत्त्व होते. ही चाळणी वाचकाच्या निवाड्यातून शिकते. म्हणून ‘स्पॅम’ची खूण करण्याला महत्त्व आहे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दिवसाला ५,००० किंवा अधिक पत्रे आपल्या ग्राहकांकडे धाडणाऱ्यांना स्वतःची ओळख तांत्रिक रीतीने पटविणे आणि जाहिरातीच्या पत्रांत एका खुणेने नाव कमी करण्याची सोय ठेवणे बंधनकारक केले.

परंतु सुपाने पाखडताना कधी चांगला दाणाही बाहेर पडतो. खरे पत्र ‘स्पॅम’च्या कप्प्यात जाऊ शकते आणि जीमेलमध्ये तो कप्पा ३० दिवसांनी आपोआप रिकामा होतो. तेथे सापडलेल्या खऱ्या पत्रावर ‘स्पॅम नाही’ अशी खूण करावी, म्हणजे पुढील पत्रे योग्य जागी येण्यास मदत होते.

कायद्याची बाजू

अमेरिकेत १ जानेवारी २००४ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार जाहिरात पाठविता येते. मात्र नकार कळविल्यावर १० कामकाजाच्या दिवसांत ती थांबवावी लागते. युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशात पूर्वसंमतीचे तत्त्व स्वीकारले. भारतात ई-मेलवरील जाहिरातींसाठी स्वतंत्र कायदा नाही. १९०९ या क्रमांकावरील नोंदणी दूरध्वनी व लघुसंदेश यांपुरती आहे. तिने ई-मेल थांबत नाही. तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसविणे हा मात्र माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ डी खाली गुन्हा असून त्यास ३ वर्षांपर्यंत कैद व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पैशाची फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये दिलेली संमती तितक्याच सुलभतेने मागे घेण्याचा हक्क मान्य करण्यात आला आहे.

कार्यालयाने करावयाची व्यवस्था

कार्यालयाचा पत्ता कार्यालयीन पत्रव्यवहारासाठीच वापरावा; खरेदी व खासगी नोंदणीसाठी वेगळा पत्ता ठेवावा. अनेकांना एकच पत्र धाडताना सर्वांचे पत्ते उघडे न ठेवता ते ‘बीसीसी’च्या रकान्यात लिहावेत, अन्यथा एका परिपत्रकाबरोबर शंभर शिक्षकांचे पत्ते हातोहात पसरतात. ई-टपाल पाहण्याची जबाबदारी एका कर्मचाऱ्यावर नावानिशी सोपवावी, त्याच्या रजेच्या काळातील पर्यायही ठरवावा. रोज सकाळी कामाची पत्रे आवक नोंदवहीत घ्यावीत आणि दर आठवड्याच्या ठरलेल्या वारी ‘स्पॅम’चा कप्पा चाळावा.

शिक्षकांनी पालक सभेत व पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हे चार नियम समजावून सांगितल्यास अनेक कुटुंबे फसवणुकीपासून वाचतील. टपालाच्या थैलीतून कामाचे पत्र वेगळे काढण्याची दक्षता कार्यालयांनी पिढ्यान्‌पिढ्या बाळगली आहे. तीच दक्षता ई-टपालातही बाळगली, तर गावाच्या कामाचे पत्र वेळेवर हाती पडेल.