मुलाखतीला निघण्याआधी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

यूपीएससीच्या मुख्य परीक्षेतून निघालास, आता दिल्लीला धोलपूर हाउसमध्ये मुलाखतीला जाणार, याचा घरात सगळ्यांनाच आनंद आहे. पण तू पाठवलेलं सराव मुलाखतीचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि फोन न करता लिहायलाच बसले. फोनवर तू मला बोलू दिलं नसतंस.

सराव घेणाऱ्या सरांनी तुला विचारलं होतं, माण तालुक्यात पाऊस कमी का? हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो, म्हणून एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि माणमधलं म्हसवड कोरडं, हे तू दोन वाक्यांत छान सांगितलंस. उत्तर तिथं पूर्ण झालं होतं. सरांनी लगेच पुढचं विचारलं नाही आणि ती शांतता तुला सोसली नाही. मग चारा छावण्या आल्या, मेंढपाळांचं स्थलांतर आलं, जिहे-कठापूर सिंचन योजना आली. त्यांनी सहज विचारलं, "या योजनेतून किती हेक्टर भिजेल?" आणि तू अडखळलास. हा प्रश्न त्यांच्या मनातही नव्हता रे, तूच तो काढून दिलास.

शांतता का सोसत नाही, ते सांगते. दहा भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एकाचा प्रश्न संपल्यावर दुसऱ्याचं उत्तर यायला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, असं त्यात दिसलं. माणसाला एवढ्या घाईची सवय असते, त्यामुळे तीन-चार सेकंद कुणी बोललं नाही की आपलं काही चुकलं असं वाटू लागतं. समोरचा तेव्हा नुसता विचार करत असतो. त्याला तो करू दे.

लेखीच्या १७५० गुणांत तुझं ज्ञान तपासून झालंय. मुलाखतीचे उरलेले २७५ त्यासाठी नाहीत, हे आयोगच सांगतो. त्यांना उलटतपासणी नको, संभाषण हवं असतं. साधारण अर्ध्या तासात मुलाखत मंडळातल्या प्रत्येकाला तुझ्याशी बोलायचं असतं. एका उत्तरात तू चार मिनिटं खाल्लीस तर त्यांनी बोलायचं कधी? तुटक बोल असं मी म्हणत नाही. मत विचारलं तर दोन्ही बाजू मांड, स्वतःचा कौल दे आणि थांब. येत नसेल तर "माहीत नाही, सर" एवढं पुरे, त्यावर कारणं जोडू नकोस.

आणि बोलत राहण्याची ही सवय दिल्लीत एका दिवसात सुटणार नाही, कारण ती घरातलीच आहे. ताईच्या साखरपुड्यात आप्पा दुष्काळाची आठवण सांगत होते. त्यांचं वाक्य तू पुरं केलंस आणि पुढं पाणलोटावर बोलत राहिलास. आप्पा गप्प झाले. तो दुष्काळ त्यांनी सोसलेला होता, आणि तुझ्या पुस्तकात नसलेलं काही ते सांगणार होते.

या रविवारी त्यांच्याकडे जा. तो दुष्काळ विचार आणि त्यांचं सांगून होईपर्यंत ऐक.

तुझी,
आत्या