दुरुस्तीच्या दुकानापासून

जबलपूर असो, जळगाव असो की पुणे. रेडिओ, घड्याळ किंवा मोबाइल दुरुस्त करणाऱ्याचे एखादे लहानसे दुकान आपल्या बाजारपेठेत असतेच. मोडलेली वस्तू घेऊन आपण तेथे जातो, पैसे देतो आणि ते दुकान विसरून जातो. दुरुस्ती करणाऱ्याला मात्र कोणती वस्तू कोठे आणि कशामुळे बिघडते, हे ज्ञान रोज मिळत असते. या पाठात ज्या कंपनीचा इतिहास आपण वाचणार आहोत, तिचा उगम अशाच एका दुकानात झाला. संगणकांना विषाणूंपासून संरक्षण देणारी ‘क्विक हील टेक्नॉलॉजीज’ ही ती पुण्याची कंपनी होय.

कंपनीचे संस्थापक कैलास काटकर यांचे कुटुंब मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे. कैलास यांनी दहावीनंतर शिक्षण सोडले आणि १९८५ साली पुण्यातील एका कॅलक्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी धरली. पगार होता महिना ४०० रुपये. १९९० मध्ये सुमारे १५,००० रुपये भांडवलावर त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. बँकांमधील यंत्रे दुरुस्त करण्यासाठी त्यांची ये-जा असे. तेथेच त्यांना प्रथम संगणक दिसला. आपण ज्या यंत्रांवर पोट भरतो त्यांची जागा हे नवे यंत्र घेणार, हे त्यांनी ओळखले. अनेकांनी त्या काळी संगणकाकडे भीतीने पाहिले. कैलास यांनी पुस्तके मिळवून त्याची दुरुस्ती शिकून घेतली.

धाकटा भाऊ संजय याच्या शिक्षणाचा प्रश्न तेव्हा समोर होता. त्याचा ओढा इलेक्ट्रॉनिक्सकडे होता. त्याने संगणकशास्त्र शिकावे असा आग्रह कैलास यांनी धरला आणि दुकानाच्या कमाईतून त्याचे शुल्क भरले. स्वतः शाळा सोडलेल्या माणसाने भावाला मात्र पदव्युत्तर पदवीपर्यंत शिकवले. या कंपनीच्या इतिहासातील सर्वांत मोठी गुंतवणूक कोणती, असे विचारले तर प्रस्तुत लेखक त्या शुल्काकडेच बोट दाखवील.

आता संगणक विषाणू म्हणजे काय ते पाहू. हा विषाणू सजीव नसतो. ती माणसानेच लिहिलेली एक आज्ञावली असते. एका संगणकात शिरल्यावर ती आपल्या प्रती तयार करते आणि संधी मिळताच दुसऱ्या संगणकात जाते. त्या काळी माहितीची ने-आण फ्लॉपी नावाच्या चकतीवरून होत असे. पुण्याहून जबलपूरला निघालेल्या प्रवाशाच्या खिशात फ्लॉपी असेल, तर तिच्यावरचा विषाणूही विनातिकीट जबलपूरला पोहोचे! व्यक्तिगत संगणकांत सर्वत्र पसरलेल्या पहिल्या विषाणूंपैकी ‘ब्रेन’ हा १९८६ साली लाहोरमधील दोन भावांनी लिहिला. गंमत अशी, की त्यांनी त्यात आपले नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातले होते. पुढचे विषाणू इतके सभ्य नव्हते. ‘मायकेलअँजेलो’ हा विषाणू वर्षभर गप्प राही आणि त्या चित्रकाराच्या जन्मदिनी, म्हणजे ६ मार्चला संगणक सुरू होताच त्यातील माहिती पुसून टाकी. १९९२ साली त्याने जगभर घबराट उडवली.

संजय मॉडर्न महाविद्यालयात शिकत असताना तेथील संगणकांनाही विषाणूंची लागण होई. भावाच्या दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांची तीच कथा होती. संजय यांनी एकेका विषाणूसाठी उपाय करणाऱ्या लहान आज्ञावली लिहिल्या. मायकेलअँजेलो काढून टाकणारी आज्ञावली ही त्यांतील सुरुवातीची एक. ही पद्धत समजायला सोपी आहे. प्रत्येक विषाणूच्या रचनेत त्याची म्हणून एक खूण असते. पोलीस जसे बोटांचे ठसे जुळवतात, तशी ही आज्ञावली संगणकातील प्रत्येक फाइल तपासून ती खूण शोधते. खूण सापडली की विषाणू काढून फाइल पूर्ववत केली जाते. विषाणू नवा असेल, तर त्याची खूण यादीत असत नाही. म्हणून ही यादी सतत वाढवावी लागते. दुरुस्तीचे काम एकदा करून संपते, हे काम मात्र संपत नाही.

सुट्या उपायांतून एक पूर्ण उत्पादन तयार झाले आणि १९९५ मध्ये ते ‘क्विक हील’ या नावाने बाजारात आले. त्याचा अर्थ ‘झटपट बरे करणारे’. किंमत ठेवली ७०० रुपये; परदेशी उत्पादने त्याहून महाग होती. तरीही पहिली काही वर्षे विक्री जेमतेमच होती. याचे कारण उघड आहे. संगणक बंद पडला की ग्राहक दुरुस्तीचे पैसे मुकाट्याने देतो, पण तो बंद पडू नये म्हणून आधी पैसे द्यायला राजी होत नाही. कैलास यांनी संगणक विकणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या गावोगावच्या दुकानदारांना विक्रीसाठी जोडून घेतले. त्यांची अडचण काय असते, हे त्यांना वेगळे शिकावे लागले नाही. पुण्याबाहेरची पहिली शाखा नाशिकला निघाली, मग शहरे वाढत गेली.

२००७ मध्ये ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ हे जुने नाव जाऊन कंपनीला उत्पादनाचेच नाव मिळाले. २०१० मध्ये सिकोया कॅपिटल या गुंतवणूकदार संस्थेने ६० कोटी रुपये गुंतवले. जपान, अमेरिका व आफ्रिकेतही तिने व्यवसाय सुरू केला. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात आले. प्रत्येकी ३२१ रुपयांना विकलेल्या त्या समभागांचा भाव पहिल्याच दिवशी त्याखाली घसरला.

दरम्यान चोरांची रीतही बदलली. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ने जगभरातील संगणकांवरील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. आज तर पुष्कळदा संगणकात शिरण्याचीही गरज उरत नाही. बँकेतून बोलतो असे सांगणारा आवाज फोनवर गुप्त क्रमांक विचारतो आणि खातेदार तो स्वतः सांगतो. अशा वेळी फाइल तपासणारी आज्ञावली काय करणार? खूण शोधायची ती आता बोलण्यात, संदेशात आणि पैसे मागण्याच्या घाईत. पुण्याच्या या कंपनीने २०२४ मध्ये अशा फसवणुकीची पूर्वसूचना देणारे वेगळे उत्पादन बाजारात आणले.