टबीथा ह्या नावाचा इतिहास

पाठ : प्रेषितांची कृत्ये, अध्याय 9, ओव्या 36 ते 42

लेकराच्या बाप्तिस्म्याचा दिवस जवळ आला म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतील आईबापे उपदेशकाकडे येतात व शास्त्रातले एखादे चांगले नाव सांगा म्हणून विनंती करितात. मरिया, मार्था, रूथ, एस्तेर ही नावे घरोघर आहेत. टबीथा हे नाव मात्र क्वचितच कानी पडते. आणि जेथे ते आहे तेथे त्या मुलीस त्याचा अर्थ विचारिला असता ती बहुधा आईकडे पाहते, व आई उपदेशकाकडे. म्हणून ह्या पाठात आम्ही हे एकच नाव घेतले आहे. ते कोठून आले, कोणी आवडीने धरिले, कोणी टाकिले व कशामुळे टाकिले, हे वाचकांनी आमच्याबरोबर पाहावे. शास्त्र उघडून जवळ ठेविले असता बरे.

टबीथा हा शब्द अरामी भाषेचा आहे. प्रभूच्या काळी यहूदी लोक घरांत व बाजारांत जी बोली बोलत ती ही. त्याचा अर्थ हरिणी. जुन्या कराराच्या इब्री भाषेत ह्याच प्राण्यास 'त्सवी' म्हणत, व मादीस 'त्सविया'. इब्री भाषेतील 'त्स' ह्या उच्चाराच्या ठिकाणी अरामी भाषेत काही शब्दांत 'ट' येतो, हे ध्यानात घेतले म्हणजे दोन्ही शब्द बहिणी आहेत हे दिसून येईल. यहूदाचा राजा योवाश ह्याच्या आईचे नाव हेच होते. ती बैर-शेबाची राहणारी (2 राजे, अध्याय 12). म्हणजे यापोच्या टबीथेच्या पूर्वी आठशेंहून अधिक वर्षे हे नाव त्या देशात मुलींस देत असत. गीतरत्नातही प्रियकरास ह्याच प्राण्याची उपमा दिली आहे.

हे हरिण कोणते? चितळ नव्हे, आणि सांबर तर नव्हेच. आपल्याकडील चिंकारा हा त्याचा जवळचा नातलग. पुणे जिल्ह्यात सुप्याकडील माळरानावर ज्यांनी चिंकारा पाहिला असेल त्यांस अधिक सांगणे नको. अंग लहान, पाय काडीसारखे, डोळे मोठे व काळेभोर, आणि चाहूल लागताच क्षणात दृष्टीआड. ग्रीक लोकांनी त्या प्राण्यास 'दुर्कस' म्हटले, आणि त्या शब्दाचा संबंध त्यांच्या 'पाहणे' ह्या अर्थाच्या क्रियापदाशी जोडला तो त्या डोळ्यांमुळेच. आमच्या वाचकांस ह्यात नवल वाटणार नाही. हरिणाक्षी व मृगनयना हे शब्द आपल्या भाषेत कोणास ठाऊक नाहीत?

आता पाठाकडे वळू. यापो हे समुद्रकाठचे बंदर. तेथे अरामी बोलणारे होते तसे ग्रीक बोलणारेही होते. म्हणून लूक टबीथा हे नाव सांगतो व लगेच त्याचा ग्रीक अर्थ देतो. पुढे 39 व्या ओवीत विधवांविषयी लिहिताना तो तिला दुर्कस म्हणतो. परंतु 40 व्या ओवीत पेत्र तिला हाक मारितो ती टबीथा म्हणून. पेत्र गालीलकर होता, त्याच्या जिभेवर अरामी नावच येणार. तिला स्वतःला घरात कोणत्या नावाने हाक मारीत, हे शास्त्र सांगत नाही. एवढे मात्र स्पष्ट की, दुसऱ्या भाषेच्या माणसास नाव समजावे म्हणून लूकाने ते भाषांतरून दिले, आणि तसे केल्याने त्या नावाचे पावित्र्य उणे होईल असे त्यास वाटले नाही. ह्या गोष्टीकडे आम्ही पुन्हा येऊ.

उपदेशकांसाठी येथे एक इशारा. मार्काच्या शुभवर्तमानाच्या 5 व्या अध्यायात याईराच्या मुलीस प्रभूने उठविले, तेव्हाचा 'टलीथा' हा अरामी शब्द तसाच ठेविला आहे. टलीथा व टबीथा ह्यांत एका अक्षराचाच भेद असल्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो. टलीथा हे नाव नव्हे. त्याचा अर्थ लहान मुलगी एवढाच. याईराच्या मुलीचे नाव शास्त्रात कोठेच दिलेले नाही.

नावाचा मान कसा असतो व कसा नसतो, ह्याविषयी त्या काळची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ज्या गमालियेलाच्या पायांजवळ पौल शिकला, त्याचा नातूही गमालियेल नावाचाच मोठा गुरू होऊन गेला. त्याच्या घरी टाबी नावाचा दास होता. टाबी म्हणजे हरिण. टबीथेचेच पुरुषी रूप. सन 200 च्या सुमारास संग्रहित झालेल्या मिश्ना नावाच्या यहूदी ग्रंथात असे आहे की, हा टाबी मेला तेव्हा गमालियेलाने लोकांचे सांत्वन स्वीकारिले. दासासाठी सांत्वन घेण्याची रीत नव्हती. शिष्यांनी ते बोलून दाखविले, तेव्हा टाबी इतर दासांसारखा नव्हता, तो लायक मनुष्य होता, असे उत्तर गुरूने दिले. त्याच घराण्यातील दासीस टबीथा म्हणत, असे मागाहूनच्या यहूदी ग्रंथांत आढळते. तेव्हा हे नाव दासदासींसही देत असत, हे उघड आहे. यापोची टबीथा दासी होती असे शास्त्र म्हणत नाही, आणि आपणही म्हणू नये; पण तिला लूकाने कोणता शब्द लाविला आहे तो पाहा. 'शिष्य' ह्या ग्रीक शब्दाचे स्त्रीलिंगी रूप संपूर्ण नव्या करारात एकदाच आले आहे, आणि ते तिच्यासाठी.

नाव चांगले म्हणजे मनुष्य चांगला, असे मात्र कोणी समजू नये. योसेफस ह्या इतिहासकाराने रोमी लोकांशी झालेल्या युद्धाच्या वृत्तान्तात, यरुशलेमेच्या तुरुंगात राजकुळातील कैद्यांस ठार करण्यास पाठविलेल्या एका रक्तपिपासू मनुष्याची हकीकत दिली आहे. त्याला लोक दुर्कसपुत्र योहान म्हणत.

ह्यापुढे आपणांस पुष्कळ शतके ओलांडून एकदम इंग्लंडात जावे लागते. तेथे मध्ययुगात मुलींची नावे बहुतकरून प्रसिद्ध संतिणींची असत. मार्गरेट, अ‍ॅग्नेस, कॅथरिन अशी. टबीथा व दुर्कस ह्यांस फारसे कोणी विचारीत नसे. 1538 साली प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह व दफन ह्यांची नोंद ठेवण्याचा हुकूम झाला, आणि 1560 साली जिनीव्हा येथे छापिलेले इंग्रजी शास्त्र सामान्य कुटुंबांत जाऊन पोहोचले. लोक स्वतः शास्त्र वाचू लागले तेव्हा नावेही तेथूनच शोधू लागले. विशेषतः प्युरिटन म्हटलेल्या कडव्या सुधारणावादी मंडळ्यांनी संतांच्या यादीतील नावे सोडून शास्त्रातील कोनाकोपऱ्यांतील नावे उचलिली. विधवांसाठी कपडे शिवणारी स्त्री त्यांस आवडली ह्यात आश्चर्य नाही. हेच लोक समुद्रापलीकडे अमेरिकेच्या न्यू इंग्लंड प्रांतात गेले तेव्हा ही दोन्ही नावे त्यांच्याबरोबर गेली.

तेथील एक नोंद आम्हांस फार महत्त्वाची वाटते. मॅसॅच्युसेट्समधील डॉर्चेस्टर गावच्या मंडळीत 1641 साली एका आफ्रिकी दासीस सभासद करून घेण्यात आले. तिच्या भक्तीची खात्री झाल्याचे तेथील गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप ह्याने आपल्या दैनंदिनीत लिहिले आहे. मंडळीच्या दप्तरात तिचे नाव डॉर्कस असे आहे. डॉर्कस हा दुर्कस नावाचा इंग्रजी उच्चार. तिच्या आईबापांनी तिला आफ्रिकेच्या भाषेत कोणते नाव दिले होते, ते कोणी लिहून ठेविले नाही.

मग ही नावे मागे का पडली? दोघींची कारणे निराळी आहेत. डॉर्कस हे नाव शेक्सपियरने 1611 च्या सुमारास 'द विंटर्स टेल' ह्या नाटकात एका मेंढपाळ मुलीस दिले. पुढे कित्येक कवींच्या काव्यांत ते गावंढळ गवळणीचे नाव होऊन बसले. तरीही 19 व्या शतकात त्याची पुन्हा चलती झाली, परंतु वेगळ्या रीतीने. गरिबांसाठी कपडे शिवणाऱ्या स्त्रियांच्या मंडळांस 'डॉर्कस सोसायटी' म्हणू लागले. इंग्लंड व अमेरिकेतील कित्येक मंडळ्यांत अशा सोसायट्या निघाल्या. गंमत ही की, सोसायटी जसजशी प्रसिद्ध झाली तसतसे नाव मुलीचे न राहता कामाचे झाले. आपल्याकडे कोणी मुलीचे नाव 'महिलामंडळ' ठेवील काय?

टबीथेची कथा अधिक दुःखाची आहे. इंग्रजीत पट्ट्यापट्ट्यांच्या मांजरीस 'टॅबी' म्हणतात. हा शब्द मूळचा अरबी. बगदाद शहरात अत्ताबिया नावाची पेठ होती. तेथे विणल्या जाणाऱ्या लहरीदार रेशमी कापडास अत्ताबी म्हणत. कापडावरून नाव मांजरीस मिळाले. टबीथेचा ह्या शब्दाशी काडीचाही संबंध नाही. परंतु टबीथा नावाच्या मुलीस लाडाने टॅबीच म्हणत, आणि 18 व्या शतकात प्रौढ अविवाहित स्त्रीस हिणवून टॅबी म्हणण्याची खोड लोकांस लागली. त्यात 1771 साली टोबायस स्मॉलेट ह्याची 'हम्फ्री क्लिंकर' ही कादंबरी निघाली. तिच्यात टॅबिथा ब्रँबल नावाची पंचेचाळीस वर्षांची, किरकिरी, नवरा शोधीत फिरणारी स्त्री आहे. वाचक पोट धरून हसले, आणि नावाचा निकाल लागला. 1907 साली बिअ‍ॅट्रिक्स पॉटर हिने मुलांच्या एका गोष्टीत मांजरांच्या आईस टॅबिथा ट्विचिट हे नाव दिले, तोवर ते जणू मांजरीचेच झाले होते. जी अविवाहित वा विधवा स्त्री इतर विधवांचा आधार झाली असेल, तिच्याच नावाने एकट्या राहणाऱ्या स्त्रीची थट्टा व्हावी, हा अन्याय आम्हांस फार बोचतो. (टबीथेस नवरा होता की नव्हता हे शास्त्र सांगत नाही, तिच्या मृत्यूनंतर रडत उभ्या राहिलेल्या विधवाच तेवढ्या दिसतात.) तरी खेड्यांतून हे नाव अगदीच नाहीसे झाले नव्हते. ब्राँटी भगिनींस लहानपणापासून सांभाळणारी वृद्ध मोलकरीण टॅबिथा ॲक्रॉइड ही होती. ती 1855 साली वारली. त्या घरात तिला आईसारखा मान होता.

नावाचे पुनरुज्जीवन झाले ते कोणाच्या स्वप्नातही आले नसते अशा मार्गाने. अमेरिकेत 1964 ते 1972 पर्यंत दूरचित्रवाणीवर 'बिविच्ड' नावाची विनोदी मालिका चालली. तिची नायिका जादूगारीण असून 1966 च्या जानेवारीत दाखविलेल्या भागात तिला मुलगी झाली, ती टॅबिथा. त्यानंतर अमेरिकेत मुलींस हे नाव झपाट्याने दिले जाऊ लागले, आणि 1970 च्या दशकाच्या अखेरीस ते तेथील सर्वांत चालत्या दोनशे नावांत जाऊन बसले. पुढे पुन्हा उतरले. प्युरिटनांनी शास्त्र वाचून दिलेले नाव त्यांच्या वंशजांनी जादूगारिणीच्या लेकीवरून घेतले! आफ्रिकेतील मंडळ्यांत मात्र डॉर्कस हे नाव शास्त्रावरूनच धरिले गेले, व तेथे ते अद्याप मोठ्या आवडीने ठेवितात. 2005 साली हेलसिंकी येथे अडथळ्यांच्या 3000 मीटर शर्यतीत जगज्जेती ठरलेली युगांडाची धावपटू डॉर्कस इन्झिकुरू ह्या नावानेच जगास ठाऊक झाली. हरिणीचे नाव धावणारीस, हे योग्यच झाले.

आता लूकाने केलेल्या भाषांतराकडे येऊ. कित्येक उपदेशकांची अशी समजूत आहे की, परकीय उच्चाराचे नाव हेच ख्रिस्ती नाव, आणि मराठी नाव म्हणजे जुन्या धर्माचे अवशेष. शास्त्रात ह्याला आधार नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 16 व्या अध्यायात पौल फीबी व हर्मेस ह्यांची नावे घेतो. फीबी हे ग्रीकांच्या एका देवीचे विशेषण, व हर्मेस हा तर त्यांचा प्रसिद्ध देवच. फिलिप्पैकरांच्या पत्रातील एपफ्रदीत ह्याच्या नावात अफ्रोदीती देवीचे नाव आहे. पौलाने त्यांस नावे बदलावयास लाविल्याचे कोठेही लिहिलेले नाही. आपल्याकडेही नारायण वामन टिळक ह्यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तो नारायण हे नाव ठेवूनच. आणि लक्ष्मीबाई पुढे ख्रिस्ती झाल्या तरी लक्ष्मीबाईच राहिल्या. तेव्हा ज्यांस ह्या शिष्येची आठवण आपल्या मुलीत ठेवावयाची आहे त्यांनी टबीथा म्हणावे, दुर्कस म्हणावे, अथवा सरळ हरिणी म्हणावे, तिन्ही एकच. हरिणी ठेविल्यास शेजारीपाजारी तिला हरणी म्हणतील, आणि गोठ्यातल्या गाईचेही नाव पुष्कळदा हरणी असते, एवढा विचार आधी करून ठेवावा. मांजरीने इंग्लंडात काय केले ते वर सांगितलेच आहे.

टबीथा हेच नाव ठरले तर एक काळजी घ्यावी. मराठी शास्त्रात ते 'ट' ने लिहिले आहे. पण कोणी तबिता लिहितात, कोणी तबीथा, कोणी इंग्रजी वळणाने टॅबिथा. बाप्तिस्म्याच्या वहीत एक, जन्मदाखल्यात दुसरे व शाळेच्या दाखल्यात तिसरे असे झाले म्हणजे मुलगी मोठी झाल्यावर कचेरीत खेटे घालण्याची पाळी तिच्या बापावर येते. उपदेशकाने नाव कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून आईबापांच्या हाती द्यावे, आणि त्याच कागदावर खाली प्रेषितांची कृत्ये, अध्याय 9 असे लिहावे, म्हणजे अर्थ विचारणारास मुलगी तो स्वतःच वाचून दाखवील.